बाबांना सापडलेलं अंडं

समस्त मानवजातीस, आणि त्यातही नाचणगाव-पुलगाव परिसरातील सुज्ञ नागरिकांस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आपल्या पंचक्रोशीतलं डायनासोरचं पहिलं आणि आजवरचं एकमेव अंडं माझ्या वडिलांनी स्वहस्ते, खुरप्याने खणून बाहेर काढलं. त्या प्रसंगी मी जातीने हजर होते. माझी आई, आत्या, थोरली बहीण, तिचे यजमान आणि टिप्या नावाचा कुत्रा एवढी मंडळी साक्षीला होती. असं असूनही या शोधाची नोंद कुठल्या ग्रंथात नाही, कुठल्या संग्रहालयात त्या अंड्यासाठी काचेची पेटी नाही, आणि आमच्या नाल्यावर साधी पाटीसुद्धा नाही. असं का, ते शेवटी कळेल. घाई करू नये. बाबा म्हणायचे, रोडगा आणि गोष्ट दोन्ही विस्तवातून लवकर काढले की आतून कच्चे निघतात.

आमचं घर नाचणगावात, मातीच्या भिंतींचं आणि कवेलूंच्या छपराचं. पुलगाव इतकं जवळ की कापड गिरणीचा भोंगा आमच्या माजघरात वाजल्यासारखा वाजायचा. बाबा त्या गिरणीत कामाला होते आणि उरलेल्या वेळात शेतकरी होते. ते स्वतः मात्र उलटं सांगायचे. भोंगा झाला की आईच्या चुलीवर चहाचं आधण, आत्याच्या तोंडी देवाचं नाव आणि बाबांच्या तळहातावर तंबाखू, या तीन गोष्टी एकाच क्षणी घडत. तंबाखू मळून, चुना लावून, दोन टाळ्या वाजवून ती गालात गेली की बाबांचा दिवस उजाडायचा. त्या तंबाखूने त्यांची जीभ केव्हाच मारून टाकली होती. आईने भाजीत तिखट दुप्पट टाकलं काय किंवा ती टाकायला विसरली काय, बाबांना सगळं सारखंच. मात्र ही गोष्ट घरात कुणी बोलून दाखवायची नाही असा अलिखित नियम होता, कारण बाबा स्वतःला पट्टीचे खवय्ये समजत आणि निखाऱ्यात भाजायचे कणकेचे रोडगे करण्यात तर आपल्यासारखा माणूस वर्धा नदीच्या अल्याड-पल्याड नाही, असं त्यांचं ठाम मत होतं.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण, गोदाआत्या. ती आमच्याकडेच राहायची. अंगाने काडी, जिभेने कोयता. गावातल्या कुणाच्या लग्नात कोणाचा मान राहिला, कोणाची सून किती वाजता उठते, हे तिला घरबसल्या कळायचं. बाबा जगात एका तिलाच घाबरत, आणि ती कुणालाच नाही.

आता भाऊजींकडे वळते. माझी ताई, कुमुद, वर्ध्याला कॉलेजात शिकली आणि शिकता शिकता तिने आपला नवरा आपणच पसंत केला. त्या काळी आमच्या घरात ही केवढी गोष्ट होती, ते आज माझ्या नातीला सांगितलं तर ती मोबाइलवरून मानसुद्धा वर करत नाही. भाऊजींचं नाव सुधाकर. मूळचे हिंगणघाटाकडच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याच्याच घरचे, पण नागपूरच्या एका कॉलेजात तात्पुरते शिकवायला लागले आणि त्यांची भाषा इस्त्री केल्यासारखी झाली. पहिल्या भेटीत बाबांनी विचारलं, "काय शिकवता तुमी पोरायले?"

"भूगर्भशास्त्र."

"म्हंजे?"

"म्हणजे... खडक. दगड."

बाबांनी आईकडे असं पाहिलं की जणू पोरगी दगडालाच देऊन टाकली. आत्या पदराआडून म्हणाली, "चांगलं हाये. गोट्याले काय तोटा नाई आपल्याकडं, पोरगी उपाशी नाई मरनार."

तरी बाबांची खरी नाराजी दगडांवर नव्हती. लग्न ठरायच्या आधी त्यांनी भाऊजींना गोठ्यात नेलं होतं. आमचा ढवळ्या त्या दिवसांत मागच्या उजव्या पायाने चांगलाच लंगडत होता. बाबांनी मुद्दाम त्याला चार पावलं चालवून दाखवला आणि विचारलं, "कसा वाटते बैल?" भाऊजी म्हणाले, "उत्तम आहे." झालं. बाबांच्या लेखी माणूस संपला. घरात येऊन आईला म्हणाले, "लंगड्या बैलाले उत्तम म्हनते! शेतकऱ्याचा पोरगा हाये ना तो? तोंडावर खरं बोलाची हिंमत नाई, तो माह्या पोरीले काय सांभाळीन?" लग्न झालं, पण बाबांनी तेव्हापासून भाऊजींशी फक्त मानाचं बोलणं ठेवलं. "या जवाईबापू, बसा जवाईबापू, घ्या जवाईबापू." आमच्याकडे माणसाला लांब ठेवायचं असलं की त्याला इतका मान द्यायचा की तो बिचारा जवळ येऊच शकत नाही.

आणि भाऊजी त्या मानाखाली दबून आणखी उत्तम-उत्तम म्हणत राहायचे. चहा उत्तम, पाणी उत्तम, उकाडासुद्धा उत्तम.

लग्नानंतर पहिला अधिक महिना आला तो भर उन्हाळ्यात. अधिकात जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, अनारशांचं वाण द्यायचं, ही रीत. बोलावणं करावंच लागलं. भाऊजी आले ते एका हातात ताईची पेटी आणि दुसऱ्या हातात इतकी जड कापडी पिशवी घेऊन की एसटीतून उतरताना ते एका बाजूला कलले होते. आत्याला वाटलं फळं असतील. पिशवीत हातोडी, छिन्नी आणि दगड निघाले. "माय वं," आत्या म्हणाली, "जवाई धोंडे खायले येते म्हंतात, हा तं घरूनच घेऊन आला."

जेवणं झाली. भाऊजींनी सात धोंडे खाल्ले आणि प्रत्येकाला उत्तम म्हटलं. मग पान लावणं सुरू असताना ते एकाएकी उठले आणि देवांच्या कोनाड्याजवळच्या, म्हणजे देवळीजवळच्या भिंतीला नाक लावून उभे राहिले.  जेवण अंगावर आलं की काय, असं आईला वाटलं. भाऊजींनी नखाने भिंतीचा पापुद्रा खरवडला, आणि मग मला जवळ बोलावून दाखवलं. पांढऱ्या मातीच्या पोताऱ्यात करंगळीच्या नखाएवढी एक गोगलगाय होती. म्हणजे तिचा वळणावळणाचा शंख, पण पूर्ण दगडाचा. जन्मापासून मी त्या भिंतीला टेकून अभ्यास करत होते आणि ती माझ्या डोक्यामागे बसलेली होती.

"ही माती कुठून आणता?" भाऊजींनी विचारलं. त्यांचा आवाज पहिल्यांदाच इस्त्री मोडल्यासारखा वाटला.

"आपल्या वावरातल्या नाल्यातून," आई म्हणाली. "सगळ्या बाया तिथूनच तं आनतात पोताऱ्याले."

मग भाऊजी सांगू लागले. आपल्या खालचा काळा दगड म्हणजे कधीकाळी जमिनीतून उतू आलेला, थिजलेला लाव्हा. असे लोंढे पुन्हा पुन्हा आले. दोन लोंढ्यांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला, तेवढ्यात इथे तळं झालं, तळ्यात गोगलगायी झाल्या, आणि मग वरून पुन्हा लाव्हा. ती पांढरी माती म्हणजे त्या तळ्याचा गाळ. ऐकता ऐकता आईच्या हातातलं पान तसंच राहिलं. आमच्या नाचणगावात, जिथे उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, तिथे तळं!

"अन पानी प्यायले कोन ये?" बाबांनी तक्क्याला टेकूनच विचारलं.

"कदाचित डायनासोरही येत असतील. चांद्याकडे त्यांची हाडं सापडतात."

"म्हंजे आमच्या नाल्यात डायनासूर हाये?"

"असू शकेल," भाऊजी म्हणाले, आणि बाबांचा चेहरा पाहून घाईने जोडलं, "नसूही शकेल."

बाबांनी तंबाखूची चंची उघडली. "पाहा. इथंबी तेच." मग ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "उद्या रविवार. समदे चला वावरात. रोडग्याची पार्टी करू. अन जवाईबापू आपल्याले दाखवतीन का हाये अन का नाई."

ऐकायला ते आमंत्रण होतं, पण घरातल्या सगळ्यांना कळलं की परीक्षा लावली आहे.

सकाळी ताई माझ्या वेण्या घालत होती. एरवी ती हलक्या हाताने घालायची. त्या दिवशी इतक्या ओढून घातल्या की माझ्या भुवया कपाळावर गेल्या. मी ओरडले तशी ती हळूच म्हणाली, "पुष्पे, आज जर बाबा यांच्याशी माणसासारखं नाई बोलले ना, तर मी पुन्हा माहेरी नाई येणार. हा असा मान मले नाई पाह्यजे. ते रात्रभर जागे होते, म्हणाले, मामाजींना मी आवडतच नाही." मामाजी म्हणजे बाबा; आमच्याकडे जावई सासऱ्याला तसंच म्हणतो. मी दहा-अकरा वर्षांची. मला लग्न, मान, जावई यातलं काही कळत नव्हतं, पण ताई येणार नाही म्हणजे काय ते नीट कळलं. दिवाळीत रांगोळीला कोणी नाही, उन्हाळ्यात अंगणातल्या अंथरुणात बोलायला कोणी नाही, आणि आत्याच्या तावडीत मी एकटी. त्या क्षणापासून मी भाऊजींच्या बाजूची झाले. वर्धा जिल्ह्यात डायनासोर सापडलाच पाहिजे, असा मी देवळीतल्या देवांना हुकूमच सोडला.

उन्हं चढायच्या आत निघालो. बंडीत गवत अंथरलेलं, त्यावर सतरंजी, त्यावर आत्या, आणि आत्याच्या मांडीवर तुपाची बरणी, कारण तुपाच्या बाबतीत तिचा बैलांवर विश्वास नव्हता. कणकेचा डबा, वांगी, तुरीची डाळ, मिरच्या, भाजी शिजवायला पितळी गंज, पाण्याची घागर. मीठ नेहमीप्रमाणे कागदाच्या पुडीत, बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. रोडग्याचं मीठ ते दुसऱ्याच्या हाती देत नसत. गोवऱ्या मागे बांधलेल्या आणि टिप्या बंडीखालच्या सावलीत, चाकांच्या मधून चालत, जणू बंडी त्याच्याच आधाराने चालली आहे. चाकांची कुरकुर, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आणि भाऊजींच्या पिशवीतल्या दगडांचा खडखडाट. अजूनही कुठे लोखंड दगडावर घासलं की मला त्या सकाळचा गारवा अंगावर आल्यासारखं होतं.

नाला आमच्या वावराच्या टोकाला. उन्हाळ्यात त्यात एक हिरवट डबकं तेवढं उरायचं. वर काळा दगड, खाली काळा दगड, आणि मध्ये हातभर जाडीचा पांढरा पट्टा, एखाद्या बाईने काळ्या लुगड्याला पांढरा काठ लावावा तसा. जन्मभर पाहिलेला तो पट्टा त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा पाहिला. भाऊजींनी सगळ्यांना ओळीने उभं केलं आणि काम वाटून दिलं. हातोडी एकच होती. ती त्यांनी ताईला दिली. बाबांना खुरपं, आईला पोळी उलटायचा सराटा, मला छिन्नी. आत्याने काहीही घ्यायला नकार दिला आणि आंब्याच्या सावलीत बसून ती देखरेख करू लागली.

"हाड आणि दगड वेगळा कसा ओळखायचा?" भाऊजींनी विचारलं आणि स्वतःच उत्तर दिलं, "जिभेने. जुन्या हाडात बारीक छिद्रं असतात. ते जिभेला लावलं की चिकटतं. दगड चिकटत नाही." असं म्हणून त्यांनी खिशातून एक तपकिरी तुकडा काढला, चांद्याकडून आणलेला, जिभेला लावला आणि हात सोडला. तुकडा जिभेला लोंबकळत राहिला. मी टाळ्या वाजवल्या. आत्याने कपाळावर हात मारून घेतला. "अधिकाचा महिना, लोक तीर्थ घेऊन राह्यले, अन हा मेलेल्या घोरपडीचं हाड चाटून राह्यला."

पण खरं सांगते, पुढच्या घटकाभरात आमचं अख्खं खानदान दगड चाटत होतं. आधी मी, मग ताई लाजत लाजत, मग कोणी पाहत नाही असं बघून आई. काळा दगड जिभेला थंड लागतो आणि त्याला लोखंडाची चव असते. पांढरी माती खडूसारखी. बाबा मात्र नुसतं खुरपं हातात धरून उभे, परक्याच्या लग्नात उभं राहावं तसे. तेवढ्यात आईचा आवाज आला, "अवो, इकडं या ना!" तिच्या सराट्याच्या टोकावर एक शंख होता. भिंतीतल्यापेक्षा मोठा, बोरीच्या बोराएवढा, वळणं अशी सुबक की जणू सोनाराने घडवलेली. आईने तो तळहातावर घेतला. लग्न झाल्यापासून तिने त्या नाल्यातून किती टोपल्या माती वाहिली असेल. ती भाऊजींना म्हणाली, "सुधाकरराव, हे जित्तं होतं ना हो?" भाऊजी म्हणाले, "हो आई. इथेच चालत होतं." मग आईने तो शंख पदराच्या टोकाला, जिथे ती किल्ल्या बांधायची, तिथे बांधला.

हे पाहिलं आणि बाबांचं खुरपं चालू लागलं. आधी हळू, कोणाला कळू नये असं. बायकोला सापडतं आणि आपल्याला नाही, हे त्यांना कसं चालणार? लवकरच ते पट्ट्यासमोर उकिडवे बसले, डोक्याचा दुपट्टा काढला, आणि "इकडं माती नरम हाये", "हे कायचं चिन्ह हाये?" असं आपणहून विचारू लागले. फक्त जवाईबापू म्हणणं सुटत नव्हतं. "जवाईबापू, हे पाहा." "उत्तम आहे, मामाजी." "अहो उत्तम काय! गोटा हाये का हाड हाये ते सांगा!" "म्हणजे... दगडच आहे. पण उत्तम आहे."

उन्हं तापली तसे बाबांनी रोडगे करायला घेतले. परातीत कणीक, त्यात तेल, ओवा. मळता मळता त्यांचा भाऊजींशी वाद पेटला. बाबांचं म्हणणं, एवढं मोठं जनावर होतं तर एवढाच चिखल कसा? भाऊजी समजावत होते, बाबा कणकेवर गुद्दे मारत होते. एकेक मुद्दा, एकेक गुद्दा. कणीक अशी मळली गेली की विचारू नका. त्या वादात पुडी खिशातच राहिली हे मात्र कोणाच्याच ध्यानात आलं नाही.

रोडगा ज्यांनी खाल्ला नाही त्यांच्याविषयी मला मनापासून सहानुभूती आहे. कणकेचे एकात एक पदर घालून गोल उंडा वळायचा, मुठीपेक्षा मोठा, आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरून ठेवायचा. वरून राख. आत तो शांतपणे भाजत राहतो. बाहेर काढला की राखाडी, भेगाळलेला, दगडासारखा; फोडला की आतून पांढरी वाफ. तूप ओतायचं, वांग्याची भाजी, वरण. एक रोडगा काढायला उशीर झाला आणि तो पार कोळपला. बाबांनी तो दगडावर आपटून पाहिला, दगडासारखाच आवाज आला. "घे, हा तुह्या वाट्याचा," म्हणून त्यांनी तो टिप्याकडे फेकला. टिप्याने हुंगला, चाटला, चावायचा प्रयत्न केला, आणि शेवटी तोंडात धरून खिन्नपणे नाल्याकडे निघून गेला.

मग पंगत बसली. पहिला घास घेतला आणि मी ताईकडे पाहिलं. ताईने आईकडे पाहिलं. आईने ताटाकडे. रोडग्यात मीठच नव्हतं. अळणी, ठार अळणी, नुसती भाजलेली कणीक. बाबा मात्र डोळे मिटून खात होते, आणि म्हणत होते, "हां! याले म्हंतात रोडगा." कोण सांगणार? अधिकातल्या पंगतीत अन्नाला नाव ठेवायचं नसतं, आणि बाबांच्या रोडग्याला तर बारा महिने. आत्याने तोंड उघडलं, मी जीव मुठीत धरला. तिने नुसता ठेचा मागितला आणि सगळी वाटी स्वतःकडे ओढून घेतली. बाबांनी विचारलं, "कसा झाला जवाईबापू?"

भाऊजींचा घास गालात होता. ताई त्यांच्याकडे बघत होती.

"उत्तम," भाऊजी म्हणाले.

ताईने मान खाली घातली. मला तेव्हा वाटलं, संपलं. या माणसाच्या तोंडून दुसरा शब्द निघणारच नाही, बाबा त्याला जन्मभर मानाच्या पाटावर बसवून लांबच ठेवणार, आणि ताई पुढच्या उन्हाळ्यात येणार नाही.

जेवणानंतर सगळे आंब्याखाली आडवे झाले. आत्याचं घोरणं, पाखरांचा अधूनमधून आवाज, दुरून पुलगाव स्टेशनात शिरणाऱ्या मालगाडीची शिटी. टिप्या परत आला आणि माझ्या पायाशी येऊन बसला. त्याचं नाक आणि पुढचे दोन्ही पाय पांढरेफटक होते. मला हसू आलं; वाटलं, यानेही खोदून पाहिलं असेल. मग डोळा लागला.

जाग आली ती बाबांच्या आरोळीने. अशी आरोळी त्यांनी गिरणीत बोनस मिळाला तेव्हासुद्धा ठोकली नव्हती. "सापडलं! या! समदे या! सापडलं!" झोप न आल्यामुळे ते एकटेच पुन्हा खुरपं घेऊन नाल्यात उतरले होते. आम्ही धावलो. डबक्याच्या कडेला, पांढऱ्या पट्ट्याच्या ओल्या मातीत, बाबा गुडघे टेकून बसले होते. त्यांच्या दोन्ही हातांत एक गोल वस्तू होती. पांढऱ्या चिखलाने माखलेली, खाली राखाडी कवच, कवचावर भेगाच भेगा.   "अंडं हाये," ते कुजबुजले. "मले कळलं ना. हात लागल्यासोबत कळलं." पन्नाशीचा माणूस, पण चेहरा असा, जसा पहिला नंबर आलेल्या पोराचा असावा. "बायकोले शंख भेटला, मले अंडं भेटलं. सांगा जवाईबापू. सांगा, हाये का नाई?"

भाऊजींनी ते हातात घेतलं. त्यांनीही ते दोन्ही हातांनी जपून धरलं, कारण तेही माणूसच होते, आणि असं काही खरंच सापडलं असतं तर त्यांचं सगळं आयुष्य बदललं असतं. त्यांनी ते वळवून पाहिलं, अंगठ्याने थोडा चिखल पुसला, आणि थबकले. मी टिप्याच्या नाकाकडे पाहिलं. वर मान केली तर ताईही टिप्याच्याच नाकाकडे पाहत होती.  बाबा भाऊजींच्या तोंडाकडे बघत होते, आशेने, अगदी भाबडेपणाने, आणि आता भाऊजी काय म्हणणार हे मला लख्ख दिसत होतं. उत्तम आहे, मामाजी. मग बाबा ते अंडं गावभर मिरवणार, कोणीतरी ते फोडणार, आणि बाबांना कळणार की जावयाने आपल्याला तोंडावर फसवलं. ताईने डोळे मिटून घेतले.

"जिभेनं पाहा ना," बाबा म्हणाले. "तुमीच सांगतलं होतं."

भाऊजींनी ते उचललं. जीभ बाहेर काढली. लावली.

आता इथे मी थोडी थांबते, आणि त्यांनी काय म्हटलं त्याआधी, त्यामुळे पुढे काय काय झालं ते सांगून घेते. कारण ते वाक्य एकदा बोलून झालं की मला हसू आवरत नाही आणि पुढचं काही सांगता येत नाही. तर ते वाक्य ऐकून बाबा आधी काळा दगड झाले. मग त्यांचा हात आपसूक खिशाकडे गेला, आणि खिशातून कागदाची पुडी निघाली, तशीच्या तशी बांधलेली. त्यांनी पुडीकडे पाहिलं, त्या गोळ्याकडे पाहिलं, टिप्याकडे पाहिलं. मग त्यांचं पोट हलायला लागलं, आणि ते चिखलात मागे टेकून असे हसले की डबक्यातली बेडकं उडाली. आत्या म्हणाली, "ठेच्यावर जीव जगवला बाप्पा मी!" आणि तीही हसली. बाबांनी हात पुढे करून म्हटलं, "अरे सुधाकर, उठव मले." अरे! जवाईबापू नाही, अहो नाही, अरे. भाऊजींनी त्यांना ओढून उभं केलं, आणि ताई आंब्याच्या खोडाआड जाऊन रडून आली. परतीच्या वाटेवर बाबांनी त्यांना शेजारी बसवून बंडीचा कासरा दिला आणि विचारलं, "आता खरं सांग. तेव्हा ढवळ्या कसा वाटला होता?" भाऊजी म्हणाले, "मागून उजवीकडे पार लंगडा." "मंग!" बाबा म्हणाले आणि त्यांनी भाऊजींच्या पाठीवर जी थाप मारली ती ताईला अजून आठवते.

ते अंडं कितीतरी वर्षं आमच्या देवळीच्या बाजूच्या कोनाड्यात होतं. आल्यागेल्याला बाबा दाखवायचे आणि गोष्ट स्वतःच सांगायचे, स्वतःच्या फजितीसकट. शेवटी एका पावसाळ्यात उंदरांनी त्यावरचं संशोधन पूर्ण केलं. भिंतीला पुढे रंग लागला. त्याखाली ती गोगलगाय अजून असेल. बाबा नाहीत, आत्या नाही. आईचा शंख माझ्याकडे आहे. भाऊजी निवृत्त झालेत, नातवंडांना प्लास्टिकचे डायनासोर आणून देतात, आणि वर्ध्याकडच्या बोलीतच बोलतात. त्या दिवसानंतर आमच्या घरात ती इस्त्री पुन्हा कधी दिसली नाही. ताई दर उन्हाळ्यात आली. आणि दर उन्हाळ्यात, पहिला रोडगा फुटला की कोणीतरी ते वाक्य म्हणायचंच.

तर, नाल्यात आम्ही सगळे श्वास रोखून उभे. अंडं भाऊजींच्या जिभेला लागलेलं. ते चिकटलं नाही. भाऊजींच्या कपाळावर आठी पडली, त्यांनी पुन्हा एकदा चाटलं, विचारात पडल्यासारखं, अगदी शास्त्रज्ञासारखं. आणि मग त्यांच्या तोंडून, नागपूरचं कॉलेज, अधिक महिना, जावयाचा मान, सगळं मागे टाकून, हिंगणघाटाकडचा शेतकऱ्याचा पोरगा मोठ्याने बोलून गेला:

"मामाजी, याच्यातबी मीठ नाई!"